कावळ्यांच्या काळ्या यादीत मी

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी म्हणजे अर्धं घरचं आणि अर्धं होस्टेलचं. फर्स्ट इयरला मी 'घरटं' ऐवजी 'घरटा' म्हणायचे आणि माझी रूममेट ते अख्ख्या मेसला सांगत सुटायची. तेव्हा लेखात काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. पण विषय मात्र मी नुसता वाचलेला नाही, डोक्यावर झेललेला आहे. अक्षरशः!

विषय आहे कावळा.

आमच्या लेडीज होस्टेलच्या गच्चीला लागून एक कडुनिंब आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, ऐन पीएलमध्ये, त्याच्या टाकीकडच्या फांदीवर कावळ्याच्या जोडप्याने घरटं बांधलं. शेजारी नवीन ब्लॉकचं आरसीसीचं काम चालू होतं, त्यामुळे घरट्यात काटक्या कमी आणि सळ्या बांधायची बाइंडिंग वायरच जास्त! पिल्लं झाल्यावर गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची चोरी झाली. कोणी दिसलं की कावळा मागून येऊन टप्पल मारायचा. परीक्षेचं टेन्शन, त्यात हे. एका संध्याकाळी मी कपड्यांची दोरी वर करायचा बांबू घेतला आणि घरटं ओढून पाडलं. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. मग खाली पाहिलं.

तीन पिल्लं होती. एक जागच्या जागी गेलं. दोन चोच उघडून बसली होती. मी त्यांना बुटाच्या खोक्यात घालून खाली आणलं. डोक्यावर पंधरा-वीस कावळे ओरडत होते. रात्रीपर्यंत तीही गेली. सकाळी मेसच्या मावशींनी बागेत खड्डा केला. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हा लेख त्यानंतर मी जे पाहिलं आणि जे वाचलं, त्याचा आहे.

मी, माझी रूममेट आणि एक स्कार्फ

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर हल्ले सुरू झाले. बाकीच्या मुली गच्चीवर निवांत, मी दारात पाऊल टाकलं की कल्ला. वाटलं, चार दिवस चालेल. परीक्षा झाली, सुट्टी झाली, जुलैमध्ये परत आले. रिक्षातून उतरून गेटमधून आत येते तोच कडुनिंबावरून तो ओळखीचा, कर्कश, लागोपाठ येणारा आवाज. बरोबर आणखी सहा मुली होत्या. कावळे माझ्याच मागे मेसपर्यंत आले. वॉचमन काका म्हणाले, "ताई, तुमचं नाव लागलंय यादीत."

आता आपण पडलो इंजिनिअर. रूममेट म्हणाली, रीडिंग घेऊ या. दहा दिवस रोज सकाळी साडेसातला मी गच्चीवर गेले. पाच दिवस तोंडाला स्कार्फ गुंडाळून (आपल्याकडे मुली टू-व्हीलरवर गुंडाळतात तसा, फक्त डोळे उघडे), पाच दिवस स्कार्फशिवाय. स्कार्फशिवाय पाचही दिवस आरडाओरडा झाला. स्कार्फ असताना फक्त एकदा, तेही स्कार्फ सुटला तेव्हा. मग आम्ही कपडे बदलले. माझा पिवळा कुर्ता घालून रूममेट गेली, कोणी ढुंकून पाहिलं नाही. तिचे कपडे घालून मी गेले आणि पुन्हा शिमगा!

म्हणजे ते कपड्यांना ओळखत नव्हते, मला ओळखत होते. दोन मुली आणि दहा दिवस एवढ्या रीडिंगवर आमचे एचओडी सर सही करणार नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून शोधलं, की हे कोणी नीट केलंय का. केलंय, आणि तेही एका युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवरच.

सिअॅटलचा मुखवटा

अमेरिकेत सिअॅटल शहरात युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आहे. तिथले जॉन मार्झलफ कावळ्यांचे अभ्यासक. कावळे पकडायचे, पायात रंगीत कडी घालायची आणि सोडून द्यायचे, हे त्यांचं नेहमीचं काम. एकदा पकडलेला कावळा नंतर पकडणाऱ्याला टाळतो, असा त्यांना संशय होता. २००६ मध्ये त्यांनी तो तपासून पाहिला. गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून त्यांच्या लोकांनी सात कावळे पकडले, कडी घातली, सोडून दिले. कोणालाही इजा केली नाही. दुसरा मुखवटा त्या वेळचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा. तो घालून कोणी काहीच करायचं नाही, नुसतं फिरायचं.

मग वेगवेगळी माणसं हे मुखवटे घालून कॅम्पसवर फिरू लागली. कधी पुरुष, कधी बाई, कधी जाडा, कधी बारीक. चेनीसाहेब आरामात फिरून यायचे. आदिमानव दिसला की मात्र कावळे ओरडायचे, पाठलाग करायचे. आतला माणूस कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चेहरा तोच ना, मग झालं!

पण खरी गंमत पुढे आहे. पकडले होते सात. पुढच्या पाच वर्षांत ओरडणाऱ्या कावळ्यांचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी दुपटीवर गेलं, आणि पकडलेल्या जागेपासून सव्वा किलोमीटरच्या आसपास हे वैर पसरलं. ज्यांना कधी कोणी पकडलं नव्हतं तेही ओरडत होते. पकडलं तेव्हा जी पिल्लं जन्मालाही आली नव्हती, तीसुद्धा. आईबाप ओरडताना पाहून पिल्लं शिकली, एकाचं पाहून दुसरा शिकला. आपल्याकडे सीनिअर ज्युनिअरला सांगतात ना, अमुक सरांच्या वायवाला जपून, त्यातलाच प्रकार.

हे किती दिवस चाललं असेल? २०१३ च्या सुमारास कल्ला सगळ्यात जास्त होता, मग हळूहळू कमी होत गेला. २०२३ मध्ये एका फेरीत पहिल्यांदा एकही कावळा ओरडला नाही. म्हणजे सतरा वर्षं! आणि त्या मुखवट्याने कोणाचं पिल्लू मारलं नव्हतं.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

मेलेल्या कावळ्याभोवती

एक कावळा मेला की बाकीचे गोळा होऊन ओरडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आजी म्हणायची, "शोक करतायत." मार्झलफ यांच्या विद्यार्थिनी केली स्विफ्ट यांनी याचा प्रयोग केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी एका जागी रोज खाणं ठेवून कावळ्यांना सवय लावली. मग मुखवटा घातलेला एक माणूस हातात मेलेला कावळा (भुसा भरलेला) घेऊन तिथे उभा केला. कावळे जमले, ओरडले. पुढचे काही दिवस त्या जागेवरचं खाणं उचलायला ते कचरू लागले. आणि तोच मुखवटा रिकाम्या हातांनी आला तरी सहा आठवड्यांनंतरसुद्धा काही कावळे त्याला ओळखून ओरडत होते.

म्हणजे ती गर्दी निदान काही अंशी 'इथे धोका काय आहे आणि तो कोणामुळे आहे' हे शिकण्यासाठी असते. त्यात दुःख असतं का, हे बाहेरून मोजता येत नाही. पण मला एवढं कळलं, की मी खोकं हातात घेऊन जिना उतरत होते तेव्हा वरचे पंधरा-वीस कावळे नुसते ओरडत नव्हते. माझा चेहरा पाठ करत होते.

१४ ग्रॅमचं यंत्र

एवढंसं डोकं, त्यात एवढं मावतं कसं? कावळ्यांच्या कुळात सव्वाशेच्या वर जाती आहेत. आपला राखाडी मानेचा गावकावळा, सगळाच काळा असलेला डोमकावळा, लांब शेपटीचा टकाचोर, थंड देशातला मोठा रॅव्हन, सगळे एकमेकांचे भाऊबंद. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या. रॅव्हनचा मेंदू १४ ग्रॅमच्या आसपास भरतो, पण त्यात दोनशे कोटींहून जास्त चेतापेशी निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक विचारशक्तीशी संबंधित पुढच्या भागात. कितीतरी मोठा मेंदू असलेल्या काही माकडांच्या तोडीचा हा आकडा आहे. पेशी लहान आणि दाटीवाटीने बसवलेल्या. कॉम्प्युटरवाले मित्र म्हणतील, छोटी चिप, जास्त ट्रान्झिस्टर.

मार्झलफ यांच्या गटाने २०१२ मध्ये कावळ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंगही केलं. कावळे एक मुखवटा घातलेल्या माणसांनी पकडले होते आणि चार आठवडे दुसरा मुखवटा घातलेली माणसं त्यांना खाऊ घालत होती. नंतर दोन्ही चेहरे दाखवले, तेव्हा मेंदूचे वेगवेगळे भाग जागे झाले. पकडणाऱ्याचा चेहरा पाहिल्यावर भीतीशी संबंधित भाग, तर खाऊ घालणाऱ्याचा चेहरा पाहिल्यावर दुसरेच. म्हणजे कावळा फक्त वैर लक्षात ठेवतो असं नाही, उपकारही ठेवतो. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय. का ते पुढे सांगते.

तहानलेला कावळा आणि आपलं सिव्हिल

कॉन्व्हेंटमध्ये चिऊकाऊच्या आधी मला 'थर्स्टी क्रो' भेटला. ही इसापची गोष्ट खरी असू शकते का? २००९ मध्ये केंब्रिजचे ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी रूक जातीच्या चार कावळ्यांना नळीत खोल पाण्यावर तरंगणारी अळी दाखवली. बाजूला दगड ठेवले. चौघांनीही दगड टाकून पाणी वर आणलं. हळूहळू मोठे दगड आधी टाकायला शिकले. पाण्याऐवजी भुसा असेल तर दगड टाकून उपयोग नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं.

२०१४ मध्ये सारा जेलबर्ट आणि सहकाऱ्यांनी न्यू कॅलेडोनियाच्या कावळ्यांवर असाच प्रयोग केला. पॅसिफिकमधल्या त्या बेटावरचे हे कावळे काड्यांचे आकडे करून झाडातल्या अळ्या काढतात, हे गॅविन हंट यांनी १९९६ मध्येच जगाला सांगितलं होतं. त्यांची मार्कलिस्ट अशी:

बुडणाऱ्या वस्तू टाकायच्या, तरंगणाऱ्या नाही: पास.
भरीव टाकायच्या, पोकळ नाही: पास.
वाळूची नळी सोडून पाण्याची निवडायची: पास.
रुंद नळी की अरुंद (अरुंद नळीत तेवढ्याच दगडांत पाणी जास्त चढतं): नापास.
यू-ट्यूब (बघायची नव्हे, फ्लुइड मेकॅनिक्समधली!), म्हणजे खालून लपवून जोडलेल्या नळ्या: नापास.

तेव्हा कावळा आर्किमिडीज आहे, असं समजायचं कारण नाही. जे डोळ्यांसमोर घडतं ते तो पटकन शिकतो. जे झाकलेलं आहे तिथे त्याला एटीकेटी लागते. (आपल्यातही यू-ट्यूब मॅनोमीटरला कोणकोण अडकलं होतं, ते मी इथे लिहीत नाही.)

आणि गोष्टीतल्या कावळ्याचं एक नशीब सिव्हिलवाल्यांनाच कळेल. माठ सरळ उभट धरला तर गोटे काठोकाठ भरले तरी त्यांच्यामध्ये साधारण ४० टक्के जागा मोकळी राहते. आपल्या सॉईल मेकॅनिक्समधले व्हॉईड्स! म्हणजे पाणी त्या ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते गोट्यांच्या फटींतच बसून राहणार, वर येणारच नाही. मेसच्या जगात १० एमएमची खडी टाकून मी हे पाहिलं. पाव जग पाणी होतं ते गायब झालं, अर्धा जग होतं ते वर आलं. गोष्टीतला माठ निदान चाळीस टक्के भरलेला होता, म्हणून कावळा वाचला. शिकवताना हे कोणीच सांगत नाही.

कावळा आजारी पडतो तेव्हा

हा भाग नीट वाचा, कारण तो आपल्या तब्येतीशी जोडलेला आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट मरून पडू लागले. त्याच सुमारास काही माणसांना मेंदूज्वर झाला. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्य ट्रेसी मॅकनमारा यांनी, पक्ष्यांचा आणि माणसांचा आजार एकच असावा, असा संशय धरून पाठपुरावा केला. तो डासांमुळे पसरणारा वेस्ट नाईल विषाणू निघाला. अमेरिकन कावळ्याला त्याची लागण झाली तर तो बहुधा वाचत नाही. मग तिथे मेलेला कावळा म्हणजे 'या भागात विषाणू आलाय' अशी धोक्याची घंटा मानली जाऊ लागली.

आपल्याकडची घंटा बर्ड फ्लूची आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात राजस्थान आणि मध्य प्रदेशात कावळे मेले, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या लातूर जिल्ह्यात उदगीरला पन्नासच्या आसपास कावळे मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, निदान तेच, बर्ड फ्लू. कावळा कचऱ्यावर, मेलेल्या जनावरांवर, कोंबड्यांच्या टाकाऊ भागांवर जगतो. त्यामुळे गावात रोग शिरला तर तो त्याला आधी गाठू शकतो.

तेव्हा आवारात एकदम दोन-चार कावळे मेलेले दिसले, तर उघड्या हाताने उचलू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका. रेक्टरना सांगा, आणि त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. मी खोकं उघड्या हातांनी उचललं होतं. तेही चूकच.

मग आता काय?

कावळा संत आहे, असं माझं म्हणणं नाही. तो दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो. आपला गावकावळा पूर्व आफ्रिकेत पोचून इतका माजलाय की केनियाने २०२४ मध्ये दहा लाख कावळे मारायची योजना जाहीर केली. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही तो उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. पण कावळे वाढतात ते आपल्याच उष्ट्यावर. मेसच्या मागचा उघडा ड्रम झाकला, तर बांबूची गरज पडणार नाही.

रेक्टर मॅडम आणि स्टाफला एक विनंती आहे. यंदाही एप्रिल येतोय, आणि कडुनिंबावर वायरी जमायला लागल्यात. अंडी उबवायला अडीच आठवडे आणि पिल्लं उडायला तीन-चार, असे सगळे मिळून सहा-सात आठवड्यांचा प्रश्न आहे. तेवढे दिवस टाकीकडची गच्ची बंद ठेवू या आणि दोऱ्या पूर्वेच्या बाजूला बांधू या. जावंच लागलं तर छत्री न्या. बांधकामवाल्यांना सांगून वायरीचे तुकडे रोज गोळा करून घेऊ या. पिल्लं उडून गेली की रिकामं घरटं खुशाल काढा.

आणि माझं काय? वहीतलं ते अधोरेखित वाक्य आठवतंय ना? ऑगस्टपासून मी रोज सकाळी, स्कार्फ न लावता, टाकीच्या कट्ट्यावर अर्धी पोळी ठेवते. पहिला महिनाभर नुसत्या शिव्या खाल्ल्या. मग ओरडणं कमी झालं. आता ते गप्प बसून बघतात, पण मी उभी असेपर्यंत पोळीला शिवत नाहीत.

आजीच्या दहाव्याला असंच झालं होतं. पिंडाला कावळा शिवेना. आम्ही सगळे घोळका करून उभे. शेवटी बाबा हात जोडून आजीशी काहीतरी बोलले आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. मग शिवला. बाबांचा विश्वास बाबांपाशी, मी त्यात पडत नाही. पण मागे व्हायचं, एवढं मी त्यातून घेतलं. मी वीस पावलं मागे जाते, जिन्याच्या दारात उभी राहते, तेव्हा त्यातला एक खाली येतो. पोळी उचलण्याआधी माझ्याकडे एकदा बघतो.

आपल्याला सगळे कावळे सारखेच दिसतात. घरटं पाडलं ते जोडपं यातलं कुठलं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांना मात्र आपण सगळ्या सारख्या दिसत नाही. माझं डिग्रीचं एकच वर्ष उरलंय, आणि सिअॅटलला सतरा लागली होती. तेव्हा माझं नाव यादीतून निघेल याची मला खात्री नाही. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलींची नावं त्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहिलं.